हातातल्या पडद्यासाठी सिनेमा: मोठी फाईल लहान करायची रीत

डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुणं सोडते आणि साडेदहाच्या आत मुंबईला पोचते. तेवढ्यात एक सिनेमा निवांत बघून होतो, वर कटलेट खायलाही वेळ उरतो. पण लोणावळा मागे पडलं की घाटातले बोगदे सुरू होतात आणि मोबाइलची रेंज येते-जाते. सिनेमा फोनमध्येच भरून नेला तर ही कटकट नाही. मग प्रश्न उरतो जागेचा. चांगल्या प्रतीची फाईल आठ-दहा जीबीची असते आणि फोनमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुप्रभातांनी आधीच ठाण मांडलेलं असतं.

ही फाईल एक जीबीच्या आसपास आणता येते, फुकट, घरच्या साध्या लॅपटॉपवर. ज्यांनी हे काम कधीच केलेलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. सहा इंची पडद्यावर चित्र पुष्कळ उतरवलं तरी डोळ्याला फारसं कळत नाही. पण गाडीच्या खडखडाटात संवाद ऐकू आला नाही, किंवा सबटायटल वाचता आलं नाही, तर सिनेमा वाया गेला. नवखी माणसं नेमकं उलटं करतात. तासभर चित्राच्या आकड्यांशी खेळतात आणि आवाजाच्या खान्याकडे बघतसुद्धा नाहीत.

आणि हो, फाईल झिप करून काही होत नाही. व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो, त्यातून झिपला पिळून काढण्यासारखं काही शिल्लक नसतं.

आधी यंत्र बघा

कशावर बघणार आहात? आजचा फोन असेल तर फारसा विचार नको. पण पुण्यात जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारली की जुने आयपॉड, सोनीचे पीएसपी असलं काहीबाही हाती लागतं, आणि मग त्यावर सिनेमा बघायची हुक्की येते. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ ठिपक्यांचा, २००५ साली आलेल्या व्हिडिओवाल्या आयपॉडचा ३२० बाय २४०. हल्ली जुने गेम खेळण्यासाठी जी छोटी यंत्रं मिळतात त्यांतल्या बऱ्याच जणांचा पडदा ६४० बाय ४८० चा असतो. पडद्याला जेवढे ठिपके आहेत त्याहून जास्त ठिपके फाईलमध्ये भरणं म्हणजे निव्वळ जागेची नासाडी.

फोनच्या बाबतीत गंमत अशी की पडद्याला ठिपके भरपूर असतात, पण आपल्या डोळ्याची ताकद तेवढी नसते. १९२० बाय १०८० च्या चित्रात सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, ८५४ बाय ४८० च्या चित्रात ४.१ लाख. म्हणजे पाचवा हिस्सा. हातभर लांब धरलेल्या फोनवर, हलत्या गाडीत, हा फरक मला तरी फार जाणवत नाही. ज्यांना जाणवतो त्यांनी १२८० बाय ७२० घ्यावं. त्याच्या वर जायची गरज नाही.

कुठली फाईल घ्यायची

आपली स्वतःची. घरातलं लग्नाचं रेकॉर्डिंग, गणपतीतलं शूटिंग, नाटकाच्या तालमीचे व्हिडिओ, विकत घेतलेली आणि कुलूप नसलेली फाईल. ओटीटी अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेले सिनेमे असे बाहेर काढता येत नाहीत. तिथे अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डाउनलोडची प्रत कमी करणं एवढंच आपल्या हातात असतं. विकतच्या डीव्हीडीला बहुधा कॉपी-संरक्षण असतं. आपण वापरणार आहोत ते सॉफ्टवेअर ते तोडत नाही, आणि असं संरक्षण तोडण्याबद्दल २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात वेगळं कलमही आहे.

जुन्या सिनेमांच्या रसिकांना मात्र एक मोकळं कुरण आहे. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. प्रभात कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आली आणि जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या आवारात तिने जे बोलपट काढले, त्यांची मुदत केव्हाच उलटून गेली. असे सिनेमे छोट्या यंत्रावर फार छान बसतात. चित्र चौकोनी, माणसं जवळून टिपलेली, आणि संवाद ठणठणीत.

एक पथ्य. आधीच ७०० एमबीला आणलेली फाईल पुन्हा लहान करू नका. प्रत्येक वेळी दाबताना काही ना काही कायमचं गळतं, आणि दुसऱ्यांदा दाबलेलं चित्र चेहऱ्यांवर चौकटी-चौकटी दाखवू लागतं. मूळ फाईल जितकी चांगली तितका हा उद्योग सोपा.

हँडब्रेक

सॉफ्टवेअरचं नाव हँडब्रेक. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. ते फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. तिचा पत्ता ‘हँडब्रेक डॉट एफआर’ असा आहे, शेवटी ‘डॉट कॉम’ नाही. सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून घेऊ नका. मे २०१७ मध्ये तर खुद्द त्यांच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर मॅकची फाईल बदलून कुणीतरी व्हायरसवाली ठेवली होती, तेव्हा थोडं सावध असलेलं बरं. विंडोजवर ते पहिल्यांदा उघडताना मायक्रोसॉफ्टचं ‘डॉट नेट डेस्कटॉप रनटाइम’ मागू शकतं. घाबरू नका, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते टाकून घ्या.

उघडल्यावर ‘ओपन सोर्स’ दाबा आणि फाईल निवडा. लग्नाची डीव्हीडी असेल तर तिच्यातला ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा अख्खा फोल्डर द्यायचा. मग ‘टायटल’च्या यादीत पाच-सहा नोंदी दिसतील, त्यातली सर्वांत लांब असते ती मुख्य फिल्म. बाकीच्या म्हणजे फोटोग्राफरची जाहिरात आणि फुलांच्या नक्षीतली नावं.

प्रीसेटच्या यादीतून ‘फास्ट ४८०पी३०’ घ्या, ७२० हवं असेल तर ‘फास्ट ७२०पी३०’. प्रीसेट म्हणजे आधीच भरून ठेवलेला फॉर्म. आपण त्यातल्या मोजक्या जागा बदलणार. ‘समरी’मध्ये फॉरमॅट एमपी४ ठेवा. जुना आयपॉड असेल तर तिथेच त्याच्यासाठी एक चौकट असते, तिच्यावर खूण करा.

चित्राचं थोडक्यात

‘डायमेन्शन्स’मध्ये रेझोल्यूशन लिमिट ‘कस्टम’ करून रुंदी ८५४ आणि उंची ४८० द्या. ही कमाल मर्यादा आहे. सिनेमा आडवा-पसरट असेल तर उंची आपोआप कमी होईल. ‘क्रॉपिंग’ ऑटोमॅटिकवर असू द्या, म्हणजे वरखालच्या किंवा जुन्या बोलपटांच्या डाव्या-उजव्या काळ्या पट्ट्या कापल्या जातील. एकदा प्रीव्ह्यू बघा मात्र. रात्रीच्या दृश्यांनी भरलेल्या सिनेमात कधीकधी काळी पट्टी समजून चित्राचीच कड उडते.

‘व्हिडिओ’मध्ये एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारा भाग, ‘एच.२६४ एक्स२६४’ ठेवा. एच.२६५ ने फाईल आणखी लहान होते हे खरं, पण जुन्या फोनमध्ये ती उलगडायची वेगळी चिप नसते. मग सगळा भार मुख्य प्रोसेसरवर येतो, फोन तापतो आणि बॅटरी कर्जतला पोचेपर्यंत निम्मी. एव्ही१ त्याहून नवं आहे, ते अगदी अलीकडच्या फोनसाठी. एच.२६४ २००३ पासून आहे आणि जवळपास कशावरही चालतं. शंभर-दोनशे एमबी जास्त गेले तरी हरकत नाही.

फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ‘सेम अ‍ॅज सोर्स’ करा.

मग येतो ‘आरएफ’चा आकडा. चित्रापुरतं सगळं लक्ष इथे असू द्या. हा ० ते ५१ असतो. जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. हँडब्रेकच्याच शिफारशीप्रमाणे ४८० च्या चित्राला १८ ते २२ आणि ७२० ला १९ ते २३. हातातल्या पडद्यासाठी त्यातला वरचा आकडा घ्या, म्हणजे २२ किंवा २३. सहा अंक वाढवले की फाईल ढोबळमानाने निम्मी होते, हे लक्षात असलं की अंदाज चुकत नाही.

आरएफ वापरला की फाईल किती मोठी होईल ते आधी सांगता येत नाही. दोन माणसं खोलीत बसून बोलत आहेत असा सिनेमा एवढासा होतो आणि हाणामारीचा त्याच सेटिंगवर दुप्पट. हे बरोबरच आहे, जिथे गरज तिथे जागा खर्च व्हावी. पण कार्डावर ठरावीकच जागा उरली असेल तर ‘अ‍ॅव्हरेज बिटरेट’, म्हणजे सेकंदाला सरासरी किती डेटा, निवडा आणि गणित असं करा: चित्राचे १००० आणि आवाजाचे १२८ मिळून सेकंदाला ११२८ किलोबिट, अडीच तासांचे सेकंद ९०००, गुणाकाराला ८ ने भागलं की होतात सुमारे १.२७ जीबी. आपल्याला हव्या त्या आकारावरून उलटं मोजत या. दोन फेऱ्यांचा पर्याय दिसेल, त्यावर खूण करा. वेळ जास्त लागतो, पण चित्राला न्याय मिळतो.

फिल्टर्सपैकी दोनच कामाचे. जुन्या लग्नाच्या डीव्हीडीत हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, त्यासाठी ‘डीइंटरलेस’मध्ये ‘डीकोम्ब’ लावा. आणि जुन्या कृष्णधवल सिनेमांत फिल्मचे कण सतत वळवळत असतात. एन्कोडर प्रत्येक कण जपायला जातो आणि फाईल फुगते. तिथे ‘डीनॉइज’ हलकं लावलं की फाईल झपकन खाली येते. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या एखाद्या फिल्मवाल्याने हे वाचलं तर तो रागावेल, आणि मोठ्या पडद्यापुरतं त्याचं खरंही आहे. तळहातावर ते कण तसेही दिसत नाहीत.

आवाज, जिथे सगळं बिघडतं

‘ऑडिओ’ उघडा. बहुधा तिथे दोन-तीन ट्रॅक असतील: मराठी, हिंदी, कधी दिग्दर्शकाची बडबड. एकच ठेवा, बाकी काढून टाका. कोडेक (आवाज दाबायची पद्धत) एएसी, मिक्सडाउन (आवाज किती वाहिन्यांत उतरवायचा ते) स्टिरिओ, बिटरेट १२८. ‘पासथ्रू’ असं काही दिसलं तर ते बदला. पासथ्रू म्हणजे मूळचा आवाज जसाच्या तसा उचलणं. डीव्हीडीवरचा सहा वाहिन्यांचा आवाज ४४८ किलोबिटचा असेल तर अडीच तासांत नुसत्या आवाजालाच ५०४ एमबी लागतात. १२८ ला तेच काम १४४ एमबीत होतं. कानात साधे इअरफोन घालून त्या सहा वाहिन्यांचा उपयोग शून्य.

आता खरी अडचण. थिएटरसाठी केलेल्या मिश्रणात संवाद मधल्या वाहिनीत असतात आणि पार्श्वसंगीत, स्फोट, पाऊस बाकीच्या वाहिन्यांत. सहाच्या दोन करताना संवाद त्या गर्दीत बुडतात. घरी शांततेत ते चालून जातं, पण डब्यात बसून कुजबुजीचा प्रसंग बघायचा म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी ढोल कानठळ्या बसवतो. शेजारचे काका वळून बघतात.

यावर दोन उपाय तिथेच आहेत. ‘डीआरसी’ मोठे आवाज खाली आणि लहान आवाज वर ओढतं. मूळ आवाज एसी३ (डॉल्बी डिजिटल) प्रकारचा असेल तरच ते लागू पडतं. डीव्हीडीवर बहुतेक वेळा तो तसाच असतो. दोनपासून सुरुवात करा आणि ऐकून ठरवा. मूळ आवाज वेगळ्या प्रकारचा असेल तर ‘गेन’ वापरा, तीन ते सहा डेसिबल. गेनने सगळंच वाढतं, त्यामुळे आधीच कर्कश असलेल्या सिनेमाला तो लावू नका, आवाज फाटेल. या खान्याला दहा मिनिटं द्या.

एकपात्री, व्याख्यान, कीर्तन अशा नुसत्या बोलण्याच्या व्हिडिओला मिक्सडाउन ‘मोनो’ आणि ६४ चा बिटरेट पुरतो.

सबटायटल आणि देवनागरी

सबटायटल दोन रीतींनी बसतं. एक, फाईलमध्ये वेगळा थर म्हणून. हवं तेव्हा चालू-बंद करता येतं आणि अक्षरांचा आकार प्लेअरमध्ये वाढवता येतो. फोनवर हेच चांगलं, कारण ठेंगण्या पडद्यावर अक्षरं मोठी करायची वेळ येतेच. दोन, ‘बर्न इन’, म्हणजे अक्षरं चित्रातच कोरून टाकणं. जुन्या यंत्रांना पहिली रीत कळत नाही, तिथे कोरण्याला इलाज नाही. एका फाईलमध्ये एकच सबटायटल कोरता येतं.

इंग्रजीत सहसा काही अडत नाही. मराठी सबटायटलची एसआरटी फाईल मात्र त्रास देते. पहिली गोष्ट, ती यूटीएफ-८ मध्ये साठवलेली हवी. नोटपॅडमध्ये उघडा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करा आणि खाली एन्कोडिंगच्या जागी यूटीएफ-८ निवडा. नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. स्वस्त यंत्रांचे प्लेअर ‘प्रश्न’ लिहिताना पाय मोडून अक्षरं सुटी-सुटी मांडतात आणि वेलांटी भलत्याच ठिकाणी टांगतात. फोनवर व्हीएलसी किंवा एमएक्स प्लेअर वापरला तर शक्यतो सगळं नीट दिसतं. तिथे तर एसआरटी फाईल आत घालायचीही गरज नाही. सिनेमाच्या फाईलचं आणि तिचं नाव एकच ठेवून दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकल्या की प्लेअर आपण होऊन उचलतो.

सबटायटल सुरुवातीपासूनच दोन सेकंद मागे-पुढे असेल तर हँडब्रेकमध्ये ‘ऑफसेट’ देता येतो, मिलिसेकंदांत. पण सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे मिनिटांनी चुकलेलं असेल तर दोष वेगाचा आहे. पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ फ्रेमचा सिनेमा २५ ने चालवलेला असतो, म्हणजे १५० मिनिटांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो. ब्लू-रेसाठी बनवलेलं सबटायटल त्याला कधीच जुळणार नाही. ऑफसेटशी झटापट करू नका, दुसरी फाईल शोधा.

आधी दोन मिनिटांचा तुकडा

सगळा सिनेमा लावण्याआधी ‘रेंज’मध्ये ‘सेकंद्स’ निवडा आणि फक्त दोन मिनिटांचा तुकडा करा. तुकडा कुठला घ्यायचा यातच कसब आहे. सुरुवातीची दोन मिनिटं घेऊ नका, तिथे नुसती नावं असतात. सर्वांत अवघड जागा शोधा. लग्नाच्या व्हिडिओत ती जागा म्हणजे अक्षता पडतात तो क्षण: शेकडो दाणे, प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी, मागे झगमगत्या साड्या. एन्कोडरची इथे परीक्षा होते. विसर्जन मिरवणुकीत ती जागा म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर उधळलेला गुलाल आणि नाचणारे ध्वज. सिनेमात पाऊस, धूर, आणि अंधाऱ्या खोलीतली एकटी पणती. अंधारात काळ्या रंगाचे पट्टे पडतात का ते तिथे दिसतं.

तुकडा लॅपटॉपवर बघून निकाल देऊ नका. तिथे तो वाईटच दिसणार. फोनवर टाका आणि मेट्रोत किंवा पीएमपीच्या बसमध्ये, जिथे खरोखर बघणार आहात तशा आवाजात बघा. संवाद कळतो का? अक्षरं वाचता येतात का? फोन गरम होतो का? चित्राचा प्रश्न शेवटी. गुलालाचा नुसता लाल चिखल दिसत असेल तर आरएफ दोनने कमी करा आणि पुन्हा तुकडा काढा.

जमलं की हे सगळं आपल्या नावाने प्रीसेट म्हणून साठवून ठेवा. पुढच्या सिनेमाला फक्त आवाज आणि सबटायटल तपासायचं.

रात्रीचं काम

रेंज पुन्हा अख्ख्या सिनेमावर आणा, ‘अ‍ॅड टू क्यू’ करा, असे चार-पाच सिनेमे रांगेत लावा आणि ‘स्टार्ट’ दाबून झोपा. जुन्या लॅपटॉपवर एका सिनेमाला दोन-तीन तासही लागतील. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची हवा बंद होते. टेबलावर ठेवा, चार्जर लावून. आणि रांग गुरुवारी दिवसा चालू ठेवू नका. पुण्यात गुरुवार हा पाण्याच्या आणि विजेच्या दुरुस्तीचा वार आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांना पहिल्या महिन्यातच कळतं. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर अर्धवट एमपी४ फाईल उघडतच नाही, पुन्हा पहिल्यापासून.

घाई असेल तर एन्कोडरच्या यादीत ‘एनव्हेंक’ किंवा ‘क्विक सिंक’ असे ग्राफिक्स चिपवर चालणारे पर्याय दिसतात. काम कितीतरी लवकर होतं, पण त्याच प्रतीच्या चित्राला फाईल मोठी होते. उद्या सकाळची गाडी असेल तर ठीक.

कार्डावर चढवताना

मेमरी कार्ड तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणा किंवा ऑनलाइन मागवा, वापरण्याआधी तपासा. १२८ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात आठच जीबी असण्याचे प्रकार सर्रास होतात. फाईल चढते, पण उघडत नाही. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक-लिनक्सवर ‘एफ३’ ही मोफत साधनं कार्ड पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतात.

फोन केबलने जोडल्यावर नुसतं चार्जिंग होत असेल तर वरची नोटिफिकेशन ओढून ‘फाईल ट्रान्स्फर’ निवडा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं बहुधा फॅट३२ पद्धतीची असतात, त्यांवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. आपल्या लहान केलेल्या फाईलला ती अडचण येऊ नये. व्हॉट्सअ‍ॅपवरून कुणाला पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जाते. व्हिडिओ म्हणून पाठवलीत तर व्हॉट्सअ‍ॅप ती स्वतःच्या मर्जीने पुन्हा दाबतं आणि रात्रभराची मेहनत पाण्यात.

यंत्रावर आवाज येतो पण चित्र काळं, असं झालं तर त्या यंत्राला तुमचा एच.२६४ चा प्रकार झेपत नाही. ‘व्हिडिओ’मध्ये प्रोफाइल ‘बेसलाइन’ आणि लेव्हल ३.० करून परत तुकडा काढा. चित्र येतं पण आवाज नाही, तर ऑडिओमध्ये कुठेतरी एसी३ राहून गेलंय. आणि फाईल दिसतच नसेल तर आधी तिचं नाव इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता लिहून बघा. जुन्या यंत्रांना देवनागरी नावं चालत नाहीत.